विदेशी कासव पाळताय? विदर्भ-मराठवाड्याची कोरडी हवा त्याचं काय करते?

काळं कवच, पायांवर लालभडक ठिपके आणि समोर पपईची फोड. इन्स्टाग्राम, यूट्यूबवर असं कासव खाताना दिसलं की कमेंटमध्ये हमखास प्रश्न येतो, 'कुठे मिळेल?'

हे आहे 'रेड-फूटेड टॉरटॉइज', म्हणजेच लाल पायांचं कासव. ते मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. कोलंबिया, व्हेनेझुएला, ब्राझील अशा देशांत जंगलांच्या कडेला आणि दमट गवताळ भागात ते राहतं. गळून पडलेली फळं, पानं, फुलं, अळंबी हे त्याचं खाणं.

ते साधारण फूटभर लांब वाढतं आणि नीट सांभाळलं तर ५० वर्षांच्या आसपास जगू शकतं. पण 'नीट सांभाळणं' म्हणजे काय, हे व्हीडिओत सहसा सांगितलं जात नाही.

अडचण उष्णतेची की कोरडेपणाची?

अनेकांना वाटतं, गरम प्रदेशातलं कासव आहे, मग आपल्याकडचं ऊन त्याला चालेल. खरी अडचण हवेतल्या ओलाव्याची आहे.

या कासवाला साधारण ६० ते ८० टक्के आर्द्रता लागते. मे महिन्यात नागपूर, अकोला भागात दुपारी ती बऱ्याचदा २०-३० टक्क्यांपर्यंत खाली येते. पारा ४५ अंशांकडे जातो तो वेगळाच. मुंबईत किंवा कोकणात हवा दमट असते, पण खोलीत दिवसभर एसी चालू असेल तर तिथलीही हवा कोरडी होते.

मग वाटीत पाणी ठेवलं तर?

पिण्याचं पाणी लागतंच, पण तेवढ्यानं भागत नाही. कोरड्या हवेत कासवाच्या शरीरातून सतत पाणी कमी होत राहतं. त्याचा परिणाम प्रामुख्याने दोन ठिकाणी दिसतो.

पहिला, मूत्रपिंडावर. पाणी वाचवण्यासाठी जमिनीवरची कासवं घाण पातळ लघवीऐवजी पांढऱ्या, घट्ट युरेटच्या रूपात बाहेर टाकतात. पाणी सतत कमी पडलं तर हाच पदार्थ साचतो आणि मूतखडा होऊ शकतो.

दुसरा, कवचावर. कवचाचा प्रत्येक चौकोन पिरॅमिडसारखा वर उचलला जातो. याला 'पिरॅमिडिंग' म्हणतात. जास्त प्रथिनं खाल्ल्यामुळे असं होतं, असा समज अनेक वर्षं होता. २००३ मध्ये ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी आफ्रिकेच्या सल्काटा कासवांच्या पिल्लांवर अभ्यास केला. प्रथिनांपेक्षा हवेतल्या आर्द्रतेचा परिणाम खूप जास्त असल्याचं त्यात दिसलं. कोरड्या हवेत वाढलेल्या पिल्लांच्या पाठीवर जास्त उंचवटे आले.

सल्काटा हे सहाराच्या दक्षिणेकडच्या रखरखीत पट्ट्यातलं कासव आहे. तरीही त्याच्या पिल्लांना ओलावा लागतोच, कारण निसर्गात ही कासवं जमिनीखालच्या बिळात बराच वेळ काढतात आणि तिथली हवा वरच्यापेक्षा दमट असते. कोरड्या भागातल्या कासवाची ही स्थिती असेल, तर दमट जंगलातल्या कासवाचं काय होईल याचा अंदाज येतो.

एकदा आलेले उंचवटे जात नाहीत. परिस्थिती सुधारली तर पुढची वाढ सपाट होऊ शकते, इतकंच.

घरात काय करता येतं?

* वरून पूर्ण जाळी असलेल्या पिंजऱ्यात ओलावा टिकत नाही. बाजू बंद असलेलं, थोडीच हवा खेळेल असं घर लागतं.
* तळाला नर्सरीत मिळणाऱ्या कोकोपीटचा जाड, ओलसर थर हवा. वरून फवारलेलं पाणी थोड्याच वेळात उडून जातं, ओला थर मात्र बराच वेळ ओलावा देत राहतो.
* लपायला एक दमट, अंधारी जागा हवी.
* पिल्लांना कोमट, उथळ पाण्यात १५-२० मिनिटं बसवावं. डोकं सहज पाण्याबाहेर राहायला हवं.
* आर्द्रता मोजणारं छोटं यंत्र आणि थर्मामीटर ठेवावा. अंदाजावर चालू नये.

पाण्यावर चालणारा कूलर खोलीत ओलावा वाढवतो, एसी तो कमी करतो. पण कूलरचा झोत थेट कासवावर नको. ओल आणि थंडी एकत्र आली तर श्वसनाचे आजार होतात, त्यामुळे हिवाळ्यात ऊबही द्यावी लागते. शिवाय हाडं आणि कवचासाठी कोवळं ऊन किंवा यूव्हीबी दिवा हवाच.

कायदा काय सांगतो?

आधी कासव कोणतं, हे पाहावं लागतं. पाठीवर पिवळ्या चांदण्यांची नक्षी असलेलं स्टार कासव भारतातलं आहे. ते पाळणं, विकणं, विकत घेणं गुन्हा आहे. 'घरात ठेवलं की पैसा येतो' या अंधश्रद्धेमुळे त्याची तस्करी होते. २०१९ मध्ये 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या सर्वांत कडक यादीत त्याचा समावेश झाला.

लाल पायांचं कासवही साइट्सच्या यादीत आहे, पण दुसऱ्या परिशिष्टात. २०२२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्यात दुरुस्ती झाली आणि अशा विदेशी प्राण्यांची नोंदणी बंधनकारक ठरली. २८ फेब्रुवारी २०२४ ला त्याचे नियम आले. आधीपासून प्राणी असलेल्यांना 'परिवेश २.०' पोर्टलवर नोंदणीसाठी सहा महिने मिळाले होते. नवीन प्राणी घेतल्यास ३० दिवसांत नोंदणी करावी लागते. प्राणी दुसऱ्याला दिला, त्याला पिल्लं झाली किंवा तो मेला, तरी कळवावं लागतं.

म्हणूनच 'कागदपत्रं नंतर देतो' म्हणणारा विक्रेता धोक्याचा. थायलंडहून विमानाने आणलेले विदेशी प्राणी मुंबई, चेन्नईच्या विमानतळांवर वारंवार पकडले गेले आहेत.

सांभाळणं जमलं नाही तर?

अनेक जण अशा वेळी कासव विहिरीत किंवा तळ्यात सोडतात. हे जमिनीवरचं कासव आहे. पाण्यात ते बुडून मरू शकतं. शेतात सोडलं तर कोरड्या उन्हाळ्यात त्याचा निभाव लागणं कठीण, आणि त्याच्याकडून इथल्या कासवांना रोग लागण्याची भीती असतेच. अशा वेळी वनविभागाशी संपर्क साधणं हाच योग्य मार्ग आहे.

कोरड्या हवेचं नुकसान हळूहळू होतं. पहिल्या उन्हाळ्यात कासव खातं, फिरतं, ठीक वाटतं. कवच वाकडं दिसू लागतं तोवर बराच काळ गेलेला असतो. त्यामुळे 'कुठे मिळेल?' या प्रश्नाआधी एक प्रश्न विचारायला हवा: आपल्या घरात मे महिन्यातल्या दुपारी ६० टक्के आर्द्रता ठेवता येईल का, आणि तीही पुढची ५० वर्षं?