फुकट असेल, पण मोकळे आहे का?

भाड्याच्या जागेवर पदरच्या पैशाने माडी चढवणाऱ्याला आपल्याकडे कोणी शहाणा म्हणत नाही. जागा चांगली, भाडे नाममात्र, मालक सज्जन, सारे खरे. पण उद्या मालकाने जागाच विकली तर? संगणकाच्या जगात हाच प्रश्न गेली तीस वर्षे गाजतो आहे. तिथे त्याला ‘परवाना’ म्हणतात. हा वकिलांचा विषय समजून आपण तो सोडून देतो. मला मात्र तो तुमच्या-आमच्या घरातला वाटतो.

संगणकाच्या पडद्यावर खिडकी उघडते, बटण दाबले जाते, अक्षर उमटते. प्रोग्रॅम लिहिणारा प्रत्येक जण हे नव्याने रचत बसत नाही. घर बांधणारा दारे-खिडक्या सुताराकडून तयार आणतो, तसा तो तयार भागांचा संच घेतो. या संचाला ‘लायब्ररी’ म्हणतात. ती कोणी वापरावी, बदलावी का, बदलून दुसऱ्याला द्यावी का, हे परवाना ठरवतो.

नॉर्वेतील ट्रोलटेक कंपनीने १९९५ मध्ये ‘क्यूटी’ ही अशीच लायब्ररी बाजारात आणली. पुढच्याच वर्षी जर्मनीतील ट्यूबिंगेनचा विद्यार्थी माथियास एट्रिश याने लिनक्स वापरणाऱ्या सामान्य माणसासाठी सोपा, देखणा पडदा रचण्याची हाक दिली. ‘केडीई’ तो हाच प्रकल्प. त्याच्या पायाला क्यूटी होती. ती उत्तम होती, मुक्त प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना फुकट होती, तिची मूळ आज्ञावली वाचायलाही मिळे. फक्त ती सुधारून इतरांना वाटण्याची मुभा नव्हती.

एवढ्या एका अटीने घर फुटले. ऑगस्ट १९९७ मध्ये मेक्सिकोच्या मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना यांनी ‘ग्नोम’ हा वेगळा पडदा सुरू केला. त्यासाठी त्यांनी ‘जीटीके’ ही लायब्ररी निवडली, कारण तिचा परवाना मोकळा होता. १९९८ मध्ये डेबियन या लिनक्स वितरणाने केडीई आपल्या संचात ठेवण्यास नकार दिला. दोन्हींचे परवाने एकमेकांशी जुळत नाहीत, हे कारण. एकच काम दोन ठिकाणी, दुप्पट श्रमाने सुरू झाले.

ट्रोलटेकला खलनायक ठरवणे मात्र मला अन्यायाचे वाटते. पदरी ठेवलेल्या माणसांचे पगार कुठून तरी निघायला हवेतच. कंपनीने मार्ग काढला. १९९८ मध्ये तिने केडीईशी करार केला: आम्ही मुक्त आवृत्ती बंद केली, तर क्यूटी जवळजवळ विनाअट खुली करण्याचा अधिकार एका स्वतंत्र प्रतिष्ठानाला राहील. २००० मध्ये क्यूटीला जीपीएल परवाना मिळाला. तुम्ही तुमचे काम खुले ठेवा, आमचे फुकट घ्या. झाकून ठेवायचे असेल, तर पैसे मोजा. व्यवहार रोखठोक आणि न्याय्य.

कराराचे मोल कळले ते नंतर. २००८ मध्ये नोकियाने ट्रोलटेक विकत घेतली. २०१२ मध्ये क्यूटी फिनलंडच्या डिजियाकडे गेली आणि २०१६ मध्ये वेगळ्या कंपनीकडे. २०२० मध्ये दीर्घकाळ दुरुस्ती मिळणाऱ्या आवृत्त्या फक्त पैसे भरणाऱ्यांसाठी राखण्याचे जाहीर झाले, तेव्हा पुन्हा कुरबूर झाली. पण मालक बदलत गेले तरी मुक्त आवृत्ती टिकली आणि केडीईही उभे राहिले.

गंमत अशी, की या दोन छावण्या एका बाबतीत एकत्र आल्या. अक्षरे जुळवण्याची आज्ञावली दोघांनी एकाच मुळातून घेऊन वेगवेगळी वाढवली होती. पुढे ती एक करून ‘हार्फबझ’ ही लायब्ररी झाली. तिचा परवाना अगदी सैल: वापरा, बदला, विका, फक्त कर्त्यांच्या हक्काची नोंद पुसू नका. अँड्रॉइड फोनवर ‘क्ष’ नीट उमटतो, रफार जागेवर बसतो, तो तिच्यामुळे.

मग परवाना कोणता निवडावा? माझ्या मते, ज्याची गरज सर्वांना आहे आणि जे सर्वत्र एकसारखेच चालायला हवे, ते सैल सोडावे. लायब्ररीत केलेली सुधारणा परत यावी, पण वापरणाऱ्याचे स्वतःचे काम त्याचेच राहावे असे वाटत असेल, तर जीटीकेसारखा एलजीपीएल घ्यावा. उपजीविका त्यावरच असेल, तर ट्रोलटेकची वाट आहे.

तुमच्या घरातल्या मुलाने वा मुलीने असे काही रचून जगासमोर ठेवले असेल, तर परवाना लावला का, एवढे जरूर विचारा. काहीच लिहिले नाही म्हणजे सर्वांना मोकळे, असे नव्हे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क कर्त्याकडेच राहतात आणि सज्जन माणूस त्या कामाला हात लावायला कचरतो. चार ओळींचा कागद वेळीच लिहिला, तर त्या कामावर दुसऱ्या कोणाला तरी निर्धास्तपणे माडी चढवता येते.