झेरॉक्स देणाऱ्याचाच गुन्हा?

सायबर चोरी होते ती लोकांच्या गाफीलपणामुळे, हा सिद्धांत सध्या फार तेजीत आहे. तो मांडणाऱ्या एका विद्वानांचा लेख नुकताच वाचनात आला. गृहस्थ संगणकाच्या धंद्यातले दिसतात आणि मराठवाड्यातल्या माणसावर त्यांचा विशेष लोभ दिसतो. त्यांचे म्हणणे असे: कंपन्यांनी कुलपे चोख बनवली, पण लोक किल्ल्या वाटत सुटतात. ओटीपी सांगतात. आधारची झेरॉक्स मागेल त्याला देतात. पोराचे नाव पासवर्ड म्हणून ठेवतात आणि वर्षानुवर्षे बदलत नाहीत. चोरीचे सॉफ्टवेअर वापरतात, कारण या भागाला कॉपीची सवय शाळेपासूनची. तेव्हा बँकांना आणि कंपन्यांना नावे ठेवू नका, जनजागृती करा. लेख इथे संपतो. मूळ भाषा याहून बरीच सभ्य आहे, पण सभ्यपणा काढून घेतला की खाली उरते ते एवढेच.

किरकोळ मुद्दे आधी उरकून घेऊ.

अडाणी माणूसच फसतो म्हणावे, तर 2024 मध्ये लुधियानातल्या एका बड्या उद्योगसमूहाच्या प्रमुखांना ठगांनी ‘डिजिटल अरेस्ट’मध्ये बसवले, सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी दाखवली आणि सात कोटी रुपये नेले. ते काही बीड जिल्ह्यातल्या आमच्या घाटनांदूरचे नव्हते.

पासवर्ड दर तीन महिन्यांनी बदला, त्यात आकडा घाला, चिन्ह घाला, हा उपदेश अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेच्या 2003 च्या दस्तऐवजातून जगभर पसरला. 2017 मध्ये त्याच संस्थेने ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावण्याची अट नको म्हणून सांगितले. सक्ती केली की माणूस शेवटचा 1 खोडून 2 करतो, हे तिच्या लक्षात आले. ही बातमी आमच्या विद्वानांपर्यंत पोचायला अजून अवकाश आहे.

आणि चोख कुलपांचे म्हणाल, तर 11 आणि 13 ऑगस्ट 2018 या दोन दिवशी पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून 94 कोटींहून अधिक रक्कम गेली. चोरांनी बँकेच्या एटीएम यंत्रणेच्या जागी स्वतःची बनावट यंत्रणा बसवली आणि नकली कार्डांनी 28 देशांतून पैसे काढले. त्यात घाटनांदूरच्या कुठल्या म्हातारीने ओटीपी सांगितला होता, ते कळवावे.

आता झेरॉक्सकडे येऊ.

घाटनांदूर हे अंबाजोगाई तालुक्यातले, परळी–लातूर रोड रेल्वेमार्गावरचे गाव. इथला शेतकरी झेरॉक्सच्या दुकानात हौसेने जात नाही. पीकविमा भरायचा तर सातबारा, आठ-अ, आधार, पासबुकाचे पहिले पान आणि पेऱ्याचे स्वयंघोषणापत्र. जमीन सामाईक असेल तर भावांची संमती. पीककर्ज नवे-जुने करायचे तर हेच सगळे पुन्हा, वर इतर बँकांचे बेबाकी दाखले. पोरीच्या शिष्यवृत्तीला तिचे आधार, बापाचे आधार, उत्पन्नाचा दाखला. ऊसतोडीची उचल घ्यायची तर मुकादमालाही आधार हवे. प्रत्येक खिडकीत मंत्र एकच: ‘आधारची झेरॉक्स जोडा.’ तीही सही करून. गेल्या साली दिलेली कुठे गेली, असे विचारून बघावे. खिडकीतले साहेब ज्या नजरेने वर बघतात, ती नजर विद्वानांनी एकदा अनुभवावी आणि मग माणूस झेरॉक्स का देतो यावर लिहावे. तो देतो, कारण नाही दिली तर त्याचे काम होत नाही. याला गाफीलपणा म्हणत नाहीत, याला नाइलाज म्हणतात.

ही झेरॉक्स पुढे कुठे जाते, कपाटावरच्या गठ्ठ्यात की रद्दीत, याची पोचपावती कुणी देत नाही. किती दिवस ठेवणार, कोण बघणार, कधी फाडणार, हे विचारायची सोय नाही. देणाऱ्याने मात्र सावध राहायचे.

कायदा काय म्हणतो? 26 सप्टेंबर 2018 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आधार कायद्याच्या कलम 57 मधला, खासगी कंपन्यांना आधार वापरू देणारा भाग रद्द केला. पुढे 2019 च्या दुरुस्तीने बँका आणि सिमकार्ड यांसाठी आधार ‘ऐच्छिक’ झाले. ऐच्छिक म्हणजे काय, हे काउंटरवर उभे राहिल्याशिवाय कळत नाही.

आणि खुद्द सरकार? 27 मे 2022 रोजी आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने पत्रक काढले: आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, तिचा गैरवापर होऊ शकतो, फक्त शेवटचे चार आकडे दिसणारे ‘मास्क्ड आधार’ द्या, आणि ई-आधार नेट कॅफेतल्या संगणकावर डाउनलोड करू नका. गावात ज्याच्याकडे संगणक आहे तो सेवा केंद्रवाला, आणि त्याच्याकडे जाऊ नका म्हणतात! बरे, ते असो. दोनच दिवसांनी, 29 मे रोजी, केंद्रीय मंत्रालयाने ते पत्रक मागे घेतले. त्याचा चुकीचा अर्थ निघू शकतो, लोकांनी आपली नेहमीची सावधगिरी बाळगावी, असे सांगितले. म्हणजे शुक्रवारी झेरॉक्स धोक्याची होती आणि रविवारी ती पुन्हा निर्धोक झाली. दिल्लीला जे दोन दिवस धड ठरवता आले नाही, ते घाटनांदूरच्या माणसाला जन्मतः कळत असावे, ही आमच्या विद्वानांची अपेक्षा.

झेरॉक्सवरचा आकडा एकटा फारसे काही करू शकत नाही, असा बचाव कुणी करील. खरे आहे. पण आधारवर चालणाऱ्या पैसे काढण्याच्या व्यवस्थेत लागते काय? आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि बोटाचा ठसा. पिन नाही, ओटीपी नाही. क्रमांक झेरॉक्सवर आहे. ठसा कुठून आणायचा? 2018 मध्ये तेलंगणातल्या पेद्दपल्ली जिल्ह्यात एका सिमकार्ड विक्रेत्याने तो प्रश्न सोडवला. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर खरेदीखते उघडी होती आणि खरेदीखतांवर अंगठे होते. ते उतरवून त्याने पॉलिमरचे ठसे बनवले आणि परक्या नावांवर सिमकार्डे चालू केली. पुढे हीच युक्ती इतर राज्यांत लोकांच्या खात्यांतून पैसे काढायला वापरली गेली. ज्यांचे अंगठे उतरवले, त्यांनी कोणती लिंक दाबली होती? त्यांनी सरकारी कचेरीत, सरकारी अधिकाऱ्यासमोर, कायद्याने सांगितले तिथे अंगठा उमटवला होता. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो. अंगठा गेला तर काय बदलायचे, त्यावर एखादी जनजागृती सभा घ्यावी.

बीड जिल्ह्यात या गोष्टीला आणखी एक पदर आहे. दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्यांवर जाणारे ऊसतोड मजूर उन्हाळ्याच्या तोंडावर परततात, तेव्हा बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. रेशनच्या दुकानातले यंत्र त्यांना ओळखत नाही. बोट पुसा, पुन्हा लावा, दुसरे लावा, उद्या या. खऱ्या बोटाला दारातून परत पाठवणारे हे तंत्र खोट्या बोटाला मात्र रामराम घालून आत घेत होते. ठसा जिवंत बोटाचा आहे की नाही, हे नीट तपासणारी नवी सोय आल्याचे प्राधिकरणाने फेब्रुवारी 2023 मध्ये जाहीर केले. देशातले पहिले आधार नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी 29 सप्टेंबर 2010 रोजी दिले गेले होते. मधल्या बारा वर्षांत जनजागृती कुणाची करायला हवी होती?

यूपीआयचीही तीच कथा. ‘मी फौजेत आहे, तुमचा सोफा घेतो, पैसे पाठवतोय, फक्त पिन टाका,’ असे सांगून ठग पैसे मागण्याची विनंती पाठवायचे आणि माणूस फसायचा. वर्षानुवर्षे लोकांना बजावले गेले: पैसे घेताना पिन लागत नाही, एवढे कळत नाही का? शेवटी 1 ऑक्टोबर 2025 पासून यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने माणसाने माणसाकडे पैसे मागण्याची ती सोयच बंद केली. लोक एका रात्रीत शहाणे झाले नाहीत. भिंतीतले भोक बुजवले, एवढेच झाले. जे भोक बुजवता येत होते, त्याच्यासमोर पाटी लावून पडणाऱ्यांना हसत बसण्याला आमचे विद्वान सायबर साक्षरता म्हणतात.

राहिली कॉपीची सवय. परीक्षेतल्या कॉपीचे समर्थन मी करणार नाही, पण त्यावरून सगळ्या मुलखाला चोर ठरवण्याचा उद्योग जुना आहे. अंबाजोगाईत दासोपंतांची कापडावर लिहिलेली पासोडी आहे. आमच्याकडे लिहिणे आणि उतरवून घेणे या दोन्ही गोष्टी पूजेच्या होत्या. नकला करताना ज्ञानेश्वरीत पाठभेद शिरले, म्हणून एकनाथांनी शके 1506 मध्ये तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. नक्कल करणारे नसते तर शुद्ध करायला पोथीच उरली नसती.

आणि कॉपीवरून उपदेश करतो कोण? पडद्यावरच्या खिडक्या आणि चित्रे उचलली म्हणून ॲपलने 1988 मध्ये मायक्रोसॉफ्टवर दावा लावला. पुढच्याच वर्षी झेरॉक्सने, म्हणजे जिचे नाव आमच्या दुकानांच्या पाट्यांवर आहे त्याच कंपनीने, ॲपलवर दावा लावला की ते तर मुळात आमचे! दोन्ही दावे टिकले नाहीत. 2016 मध्ये इन्स्टाग्रामने स्नॅपचॅटची ‘स्टोरी’ नावासकट उचलली. 2025 मध्ये एका अमेरिकी एआय कंपनीने चोरट्या ग्रंथसंग्रहांतून उतरवलेल्या पुस्तकांबद्दल लेखकांशी दीड अब्ज डॉलरची तडजोड केली. तिथे ती ‘नवनिर्मिती’ असते. इथे डीटीपीवाल्याने फाँट उतरवून घेतला की संस्कृतीचा ऱ्हास.

मग करायचे काय, हे विचारण्याचा विद्वानांना हक्क आहे. उत्तर जुनेच आहे. मे 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यापासून शेतकऱ्यांनी सावकारांच्या वाड्यांतले रोखे आणि खते जाळायला सुरुवात केली. लोण नगर जिल्ह्यातही गेले. अंगठे त्यांचेच होते, पण कागदात लिहिले काय होते हे त्यांना ठाऊक नव्हते. त्या काळच्या इंग्रज सरकारला ‘न वाचता अंगठा देऊ नका’ अशा पाट्या लावता आल्या असत्या. त्याऐवजी 1879 मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. कोर्टाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासता येऊ लागला. दस्त गावच्या निबंधकासमोर करावा लागू लागला. पावती आणि हिशेब देण्याची जबाबदारी सावकारावर आली. आमचा बीड तेव्हा निजामाकडे होता, त्यामुळे आम्हाला तो लाभ नव्हता, आणि सावकारांनी कायद्यातून पळवाटाही काढल्या. पण ओझे कुणाच्या खांद्यावर टाकायचे, हे बरोबर ओळखले गेले होते: ज्याच्या कपाटात कागद आहे त्याच्या.

आजही तेवढेच हवे. जो झेरॉक्स मागेल त्याने कारण आणि मुदत लिहून पोच द्यावी. मास्क्ड आधार नाकारणाऱ्या खिडकीला दंड व्हावा. आधारवर पैसे काढण्याची सोय, खातेदाराने मागितल्याशिवाय चालू होऊ नये. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार बँकेचा दोष असेल, किंवा त्रयस्थाचा असेल आणि तीन कामकाजी दिवसांत कळवले, तर ग्राहकाला तोशीस नाही; ग्राहकाचीच चूक आहे हे सिद्ध करण्याचे ओझेही बँकेवर आहे. हे परिपत्रक प्रत्येक शाखेत मराठीत, मोठ्या अक्षरांत लागावे. ‘लोकांचा गाफीलपणा’ हा शब्दप्रयोग लेखात निरुपद्रवी दिसतो, पण शाखेत त्याची किंमत रुपयांत होते: गाफीलपणा ठरला की नुकसान ग्राहकाचे, नाही ठरला तर बँकेचे. म्हणून तो शब्द इतक्या आवडीने वापरला जातो. 2023 मध्ये वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा झाला, त्यात 250 कोटींपर्यंत दंड आहे. तो दंड एकदा तरी कुणाला झालेला बघायला मिळावा.

तोवर जनजागृतीच्या सभा जरूर भरवाव्यात. घाटनांदूरचे लोक येतील. हजेरीपटाला आधारची झेरॉक्स जोडायला सांगू नये, एवढीच विनंती.