एकशेवीस ग्रॅमचं पाकीट

यवतमाळ जिल्ह्यात माझ्या मामांच्या घरी धान्याच्या कोठीमागे एक जुना पत्र्याचा डबा आहे. मागच्या दिवाळीत अडकित्ता शोधताना तो उघडला, तर आत बियाण्यांची न फोडलेली पाकिटं निघाली. प्रत्येक १२० ग्रॅमचं, वर 'नॉन-बीटी' असं छापलेलं. बीटी कापसाच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत ती वर्षानुवर्षं घरी येत राहिली आणि मामा ती डब्यात टाकत राहिले. पेरली का नाहीत म्हणून विचारलं, तर म्हणाले, "अळीले पोसाले वावर केलं का आपण, बाबू?"

दोन आठवड्यांपूर्वी या स्तंभात जनुक-संपादित भाताविषयी लिहिलं, तेव्हापासून पत्रांचा ओघ चालू आहे. काहींच्या मते जनुकात हात घालणं म्हणजे विष पेरणं. काही म्हणतात, शास्त्रज्ञांना मोकळं सोडा, तणनाशक सोसणाऱ्या कापसालाही एकदाची परवानगी देऊन टाका. दोन्ही बाजूंच्या वाचकांना मी मामांच्या डब्यापाशी नेणार आहे.

बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस, मातीत राहणारा एक जिवाणू. जपानमध्ये १९०१ साली इशिवाता यांना तो मरतुकड्या रेशीमकिड्यांत सापडला. दहा वर्षांनी जर्मनीत बर्लिनर यांना तो पिठातल्या अळीत दिसला आणि थुरिंगिया प्रांतावरून त्याचं नाव पडलं. हा जिवाणू एक स्फटिकासारखं प्रथिन तयार करतो. अळीच्या अल्कधर्मी आतड्यात ते विरघळतं, आतड्याच्या पेशींना चिकटतं, तिथे भोकं पाडतं आणि अळी खाणं सोडून मरते. ज्याला चिकटायचं ती जागा माणसाच्या पोटात नाही, आणि आपलं पोट आम्लधर्मी. म्हणून विषाच्या भीतीला मी फारशी किंमत देत नाही. या प्रथिनाचं जनुक कापसाच्या पेशीत पोचवायला शास्त्रज्ञांनी अ‍ॅग्रोबॅक्टेरियम हा दुसरा जिवाणू वापरला. झाडांच्या पेशीत स्वतःचं जनुक घुसवून गाठी आणणं हा त्याचा पिढीजात धंदा. आपण फक्त त्याच्या गाडीतला माल बदलला.

मार्च २००२ मध्ये जालन्याच्या महिकोने मोन्सँटोच्या साथीने आणलेल्या बीटी कापसाला देशात परवानगी मिळाली. २००६ मध्ये त्यात दुसरं जनुक आलं, बीजी-२. अमेरिकन बोंडअळीचा त्याने बंदोबस्त केला, फवारे उतरले, हे नाकारण्यात अर्थ नाही. घोडं अडलं ते गुलाबी बोंडअळीपाशी.

ही गुलाबी अळी, काही जण हिला शेंदरी म्हणतात, तशी आपलीच. शास्त्रात तिची पहिली नोंद १८४३ सालची, तीही भरूचच्या कापसावरून. तिला कापसाखेरीज जवळपास काहीच रुचत नाही, आणि सगळी मेख इथेच आहे. अमेरिकन बोंडअळी तूर, हरभरा, टोमॅटो, काहीही खाते. त्यामुळे विष न चाखलेल्या तिच्या पिढ्या शिवारात आपोआप वाढत राहतात. गुलाबी अळीला मात्र चहूकडे बीटीच. लाखांत एखादी विष पचवणारी निघते आणि तीच उरते. उरलेलीची सोयरीक उरलेल्याशी झाली, की पुढची सगळी पिलावळ विष पचवणारी.

ही सोयरीक मोडायला ते १२० ग्रॅमचं पाकीट होतं. बीटी कापसाभोवती पाच ओळी किंवा एकूण वीस टक्के क्षेत्र, यांत जे जास्त असेल तेवढा साधा कापूस लावा, असा नियम होता. त्या ओळींत साध्या, विष न पचवणाऱ्या अळ्या वाढतील, पतंग होऊन बाहेर पडतील आणि एखाद-दुसऱ्या बंडखोर पतंगाशी जुगतील. बहुतेक वेळा अशा जोडीची संतती बीटीवर मरते. म्हणजे मामांचा टोमणा शास्त्राला धरूनच होता. अळी पोसायचीच होती, मोजून मापून. पण हे त्यांना कोणी समजावलं? कृषी केंद्रवाल्याने पाकीट हातावर ठेवलं, बिलात धरलं, विषय संपला. तीन एकराच्या धन्याने वावराचा पाचवा भाग अळीच्या नावाने सोडावा, याची भरपाई कोण देणार, हे ठरवलं गेलंच नाही. पुढे साधं बियाणं बीटीच्याच पाकिटात मिसळून देण्याची पद्धत आली, तोवर उशीर झाला होता.

गुजरातेत एका जनुकाला न जुमानणारी गुलाबी अळी २०१० च्या सुमारास नोंदली गेली. पुढच्या पाच-सहा वर्षांत दोन जनुकांचाही पाडाव झाला. २०१७ च्या हंगामात विदर्भात जे झालं ते मी पाहिलंय. फुलांच्या पाकळ्या अळीने जाळ्याने शिवून टाकलेल्या, गुलाबाच्या कळीसारख्या मिटलेल्या. आमच्याकडे त्याला डोमकळी म्हणतात. बोंड बाहेरून हिरवंगार, निरोगी. अळी अंड्यातून निघताच आत शिरते आणि ते भोक बुजतं, त्यामुळे वरून फवारा मारून उपयोग नाही. मामांनी नखाने एक बोंड फोडून दाखवलं. आत दोन सरक्या एकमेकींना चिकटवलेल्या आणि मध्ये ती, गुलाबी पट्ट्यांची, करंगळीच्या नखाएवढी. वेचणीला निघाला तो कवडी कापूस, पिवळा आणि घट्ट, बोटांनी सुटत नव्हता. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले.

जनुक हरलं, असं तेव्हापासून म्हटलं जातं. मला वाटतं, ज्या पाकिटातून ते आलं ते पाकीट हरलं. आपल्याकडे बीटी आलं ते जवळजवळ सगळं संकरित वाणांतून. सरळ वाणाचा एक सरकारी प्रयत्न झाला होता, बिकानेरी नरमा. तो का मागे घ्यावा लागला, हा एका वेगळ्या लेखाचा विषय आहे. संकरित म्हणजे बियाणं दरवर्षी विकत. संकरित म्हणजे १६० ते १८० दिवसांचं पीक, आणि पाण्याची सोय असली तर फेब्रुवारी-मार्चपर्यंत फरदड, म्हणजे त्याच झाडांवर लांबवलेलं पीक. अळीला तेवढे महिने ताटावर ताट. त्यात आणखी एक गोम आहे. संकरित झाडाच्या बोंडातल्या सरक्या ही पुढची पिढी. एकाच पालकाकडून जनुक आलं असेल, तर चारांतली एक सरकी त्या विषाविना निघते. अळी सरकीच खाते. म्हणजे एकाच बोंडात तिला एक घास विषाचा, एक घास साधा. विष पचवायला शिकवायची याहून चांगली शाळा मी तरी ऐकलेली नाही.

अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनातही हीच अळी आणि हेच जनुक. तिथे १९९६ पासून शेतकऱ्यांनी साध्या कापसाच्या ओळी खरोखर लावल्या, हंगाम संपताच पऱ्हाटी गाडली. २००६ पासून वांझ केलेले पतंग विमानांतून अब्जावधींनी सोडले. २०१८ मध्ये अमेरिकेने आपल्या कापसातून गुलाबी बोंडअळी हद्दपार झाल्याचं जाहीर केलं. तिथली शेतं मोठी, विमा मोठा, यंत्रणा जागी, हे सगळं मान्य. पण जनुक तेच होतं, हे विसरता येत नाही.

आता चोर बीटीकडे येतो. तणनाशक सोसणारा हा कापूस बिनपरवान्याचा आहे, तरी वर्षानुवर्षं विदर्भात पेरला जातो. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहाँगीर इथे शेतकरी संघटनेने तो जाहीरपणे लावून कायदेभंग केला. निंदणाला बाया मिळत नाहीत, आठ दिवस झड लागली की वावरात तण कमरेला येतं. ही अडचण खरी आहे, तिची चेष्टा करणाऱ्याने एकदा जुलैत निंदायला बसावं. पण चोरून आलेल्या पाकिटाला बिल नाही, उगवण झाली नाही तर तक्रार नाही, आत कोणतं जनुक आहे याची हमी नाही. आणि एकच तणनाशक दरवर्षी मारलं तर अळीने जे केलं तेच तण करेल. अमेरिकेतल्या कापूस पट्ट्यात रानराजगिऱ्याने ते करून दाखवलंय. परवानगीला माझा विरोध नाही. परवानगीच्या कागदावर या जनुकाची राखण कोण, कशी आणि कोणाच्या पैशाने करणार, हे आधी लिहिलेलं हवं. २००२ मध्ये ते फक्त पाकिटावर छापलं होतं.

कापूसवाल्या वाचकांना विनंती एवढीच: या जूनमध्ये कमी दिवसांचं वाण मागा, बिल घ्या, पाती लागताच हेक्टरी पाच कामगंध सापळे लावा आणि सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग दिसले, तरच फवाऱ्याला हात लावा. डिसेंबर संपला की पऱ्हाटी उपटा. भाव कितीही चढला तरी फरदड ठेवू नका.