दिवाणखान्यातला वाघ, शिवारातला वाघ

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये शहरातल्या घराघरांत वाघ शिरला होता. गुगलवर वाघ शोधायचा, मोबाईल फरशीकडे धरायचा, की सोफ्याशेजारी वाघ उभा! फोनचा कॅमेरा व सेन्सर खोलीचा अंदाज घेतात आणि त्यावर चित्र बसवतात. यालाच ऑगमेंटेड रिॲलिटी म्हणतात. जनतेला निसर्गाशी जोडणारे हे नवे साधन, असे आता सांगितले जाते.

बाभुळगावात बसून हे ऐकताना आम्हाला राळेगाव तालुका आठवतो. तिथे वाघ शिवारात होता. टी-१ म्हणजे 'अवनी' वाघिणीवर १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. मेलेले बहुतेक शेतात राबणारे, गुरे चारणारे. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठार मारण्याच्या आदेशात हस्तक्षेप नाकारला आणि २ नोव्हेंबरच्या रात्री बोराटीच्या जंगलात तिला गोळी घातली गेली. ती ज्या पद्धतीने मारली, त्यावर प्रश्न विचारले गेले. ते विचारायलाच हवे होते. पण 'अवनी' हे नाव तोंडपाठ असलेल्यांपैकी कितीजण त्या तेरांपैकी एकाचे तरी नाव सांगू शकतील?

मोबाईलमधला वाघ कुणाची गाय ओढून नेत नाही. निसर्गातून माणूस वगळला की तो असाच देखणा दिसतो.

तंत्राला आमचा विरोध नाही. वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडाने २०१८ मध्ये 'फ्री रिव्हर्स' नावाचे ॲप काढले. टेबलावर नदी वाहते, तिच्यावर धरण बांधले की काय घडते ते दिसते. मग आमच्या बेंबळेवर हे का होऊ नये? खडकसावंग्याच्या धरणकाठी उभे राहून मोबाईल धरला, की पाण्याखाली गेलेली गावठाणे दिसावीत. पांदण, पाणवठा, आणि हो, गावकुसाबाहेरची वस्तीही. ती गाळून काढलेले चित्र आम्हाला नको.

यासाठी माहिती कुठून येणार? विस्थापित म्हाताऱ्या माणसांकडून. बाभळीचा डिंक कधी धरतो, शेंगा शेळ्यांना कधी घालायच्या, हे मजूर बायांना ठाऊक आहे. कंपन्या त्यांच्याकडे येतील तेव्हा त्यांचे नाव आणि मोबदला आधी लिहून घ्यावा. शिवाय असे ॲप प्रत्येक स्वस्त हँडसेटवर चालत नाही. म्हणून पहिले चार चांगले फोन तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांना द्या, मग उद्घाटनाची फीत कापा.