तपासणी कोणत्या भाषेत?

हिऱ्याच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या सुरतच्या कतारगाममधून, मूळच्या निपाणीकडच्या एका ताईंनी विचारले आहे: घरात मराठी, आजीची कानडी, गल्लीत गुजराती. साडेचार वर्षांचा मुलगा बोलत नाही, नजरेला नजर देत नाही. भाषांची सरमिसळच नडली का?

नाही. अनेक भाषा कानावर पडल्याने स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, येत नाही. आजीची कानडी मुळीच बंद करू नका. त्याला लळा त्याच भाषेतून लागलेला असतो.

मात्र मानसतज्ज्ञांना हे सारे आधी सांगा. गुजरातीतला प्रश्न कळला नाही म्हणून 'बुद्धी कमी' असा शेरा बसायला नको. आपल्या भागाला ही अडचण जुनीच. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांची बुद्धिचाचणी धारवाडकडच्या मराठी-कानडी मुलांसाठी बेतली. त्यावरचे त्यांचे पुस्तक १९४० साली आले.

स्वमग्नतेसाठी 'इसा' ही ४० मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी आहे. ७० गुणांपासून सौम्य स्वमग्नता धरतात. पण आधी कान तपासून घ्या. मी स्वतः एका बैठकीत निदान लिहीत नाही. परक्या खोलीत मूल बुजते, म्हणून आजीबरोबर खेळतानाचे मोबाइलवरचे चित्रण मागते. तुम्हीही ते न्या. आणि कागद हाती येईपर्यंत वाणी-उपचार लांबवू नका.