तिसाव्या दिवशीची जखम

पोटाचे ऑपरेशन होऊन परतलेला माणूस उमरोळी स्टेशनवर उतरला की लगेच ओळखू येतो. एक हात पोटावर, कंबर जराशी वाकलेली, आणि मागून बायको किंवा मुलगा औषधांची पिशवी व एक्स-रेचे मोठे पाकीट सांभाळत येतो. पालघर आणि बोईसर यांच्या मधले हे स्टेशन. आसपास भातशेती, आत गेले की पाडे, आणि तारापूरच्या कारखान्यांत पाळीला जाणारी माणसे. आतडे फुटले, पीळ बसला किंवा हर्नियात अडकले, की यातल्या बऱ्याच जणांना मुंबई, नाहीतर वलसाड-सिल्वासा गाठावे लागते. ऑपरेशन तिकडे होते. जखम चिघळते ती मात्र इथे, घरी आल्यावर.

मी या भागात दवाखाना चालवणारा साधा डॉक्टर. आतड्याची ऑपरेशने मी करत नाही. दुसऱ्यांनी केलेल्या ऑपरेशनच्या पट्ट्या बदलतो. आठव्या-दहाव्या दिवशी रुग्णाला ताप भरतो, टाक्यांच्या कडा लाल होतात, हात लावला तर गरम लागतात. दोन टाके सोडले की पू बाहेर येतो. मग कधी महिना, कधी दीड महिना रोजचे ड्रेसिंग. रोजचा रिक्षाखर्च, बुडालेल्या पाळ्या, घरातल्या आणखी एका माणसाची मोडलेली मजुरी. ऑपरेशनला सरकारी योजनेतून पैसे मिळालेले असतात, पण हा पुढचा खर्च बहुतेक वेळा खिशातूनच जातो. जखम भरली तरी त्या जागी पुढे हर्निया होण्याची शक्यता वाढलेली असते, ते निराळेच.

आणि या सगळ्याची खबर मूळ सर्जनला बहुधा लागत नाही. त्याच्या कागदावर रुग्ण सातव्या दिवशी ‘प्रकृती समाधानकारक’ असा शेरा घेऊन घरी गेलेला असतो. खोटे कोणीच बोललेले नसते. सातव्या दिवशी ती खरोखरच समाधानकारक होती.

आतड्याच्या ऑपरेशनात हा धोका इतर ऑपरेशनांपेक्षा जास्त का, हे समजायला फार वैद्यक लागत नाही. मोठ्या आतड्यातल्या एक ग्रॅम मळात हजारो कोटी जंतू असतात. आतड्यात ते आपले पाहुणेच नव्हेत तर मदतनीस आहेत; आतडे उघडल्यावर ते चरबीच्या थरात सांडले की शत्रू होतात. टायफॉइडने किंवा क्षयाने आतड्याला भोक पडून दोन दिवस पोटात घाण साचल्यावर रुग्ण टेबलावर आला, तर लढाई अर्धी हरूनच सुरू होते. पोट फुगले, वारा सरत नाही, उलट्या थांबत नाहीत, तरी ‘गॅस असेल’ म्हणून ओवा-सोडा देत घरी काढलेली एक रात्र जखमेला फार महाग पडते.

पू होणे हे गरिबाघरचेच दुखणे असा मात्र समज नको. १२ जानेवारी १९२४ रोजी येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींना पुण्याच्या ससून रुग्णालयात आणले आणि त्याच रात्री कर्नल मॅडॉक यांनी त्यांचे अपेंडिक्स काढले. ऐन ऑपरेशनात वीज गेली आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात उरकावे लागले, ही गोष्ट अनेकांना ठाऊक असते. तिचा पुढचा भाग फारसा कोणी सांगत नाही. ऑपरेशन यशस्वी झाले, पण त्या जागी गळू धरले आणि प्रकृती अपेक्षेप्रमाणे लवकर सुधारेना. अशा स्थितीत ५ फेब्रुवारीला सरकारने त्यांची सुटका केली. पेनिसिलिन रुग्णांच्या हाती यायला त्या वेळी आणखी वीसेक वर्षे होती. १९२४ साली अशा गळूला दैव म्हणणे क्षम्य होते. आज नाही.

पण आज आपण दैवाच्या जागी ‘भारी इंजेक्शन’ आणून बसवले आहे. “डॉक्टर, अजून पॉवरचे दिले असते तर पू झाला नसता ना?” हा प्रश्न मला नेहमी ऐकावा लागतो. खरी गंमत अशी, की प्रतिबंधासाठीच्या अँटिबायोटिकमध्ये वेळेला मोल आहे. ते चीर घेण्याआधी, साधारण तासाभरात शिरेतून गेले पाहिजे, म्हणजे चाकू लागतो तेव्हा औषध रक्तात हजर असते. ठरवून केलेल्या ऑपरेशनानंतर नुसत्या प्रतिबंधासाठी ते पुढे चालू ठेवू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली स्पष्ट सांगितले. (आतडे फुटून पोटात आधीच पू झाला असेल, तर तो उपचार झाला, तिथे औषध पुढे द्यावेच लागते.) आपल्याकडे मात्र बिलावर पाच दिवसांची इंजेक्शने दिसली नाहीत, तर नातेवाइकांनाच चुकल्यासारखे वाटते.

महाग वस्तूंचेही तसेच. २०२१ साली ‘लॅन्सेट’मध्ये एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. भारत धरून सात देशांतली ५४ रुग्णालये तीत होती. कातडी पुसायला महागडे क्लोरहेक्झिडिन की नेहमीचे पोव्हिडोन आयोडीन, आणि शिवायला जंतुनाशक लावलेला धागा की साधा, याची तुलना झाली. जखमा चिघळण्यात फरक आढळला नाही. पुढच्याच वर्षी, पुन्हा सात देशांत, १३,३०१ रुग्णांवर निराळी गोष्ट पाहिली गेली. पोट शिवायला घेण्यापूर्वी सर्जन व मदतनिसांनी हातमोजे बदलायचे आणि स्वच्छ हत्यारे घ्यायची, एवढेच. चिघळलेल्या जखमांचे प्रमाण शेकडा १८.९ वरून १६ वर आले. आतड्यात वावरलेल्या हातांनी कातडी शिवू नये, हे कोणत्याही गृहिणीला सांगावे लागणार नाही. मासे साफ केलेल्या हाताने ती पोळी लाटत नाही.

बाकीचे उपायही असेच बिनदिमाखाचे आहेत. केस काढायचेच असतील तर मशीनने, आणि ऑपरेशनच्या सुमारास. आदल्या रात्री वस्तऱ्याने केलेल्या साफसफाईत कातडीवर बारीक चिरा पडतात आणि त्यांत जंतू घर करतात. आदल्या दिवशी साबणाने आंघोळ. मोठ्या आतड्याचे ठरवून केलेले ऑपरेशन असेल, तर पोट साफ करण्याच्या औषधाबरोबर तोंडाने घ्यायच्या अँटिबायोटिक गोळ्या. टेबलावर रुग्णाचे अंग गार पडू न देणे, रक्तातली साखर ताब्यात ठेवणे. विडी-सिगारेट महिनाभर आधी सुटली तर फारच उत्तम. पण हे सांगून किती जण ऐकतात, ते मी जाणतो.

घरी आल्यावर हळद, राख, कसलाही पाला जखमेवर नको. भेटायला येणाऱ्यांनी नारळपाणी जरूर आणावे, पट्टी उचलून पाहू नये. एक खूण सर्वांनी लक्षात ठेवावी: पाचव्या दिवसानंतर पट्टीतून एकाएकी गुलाबी पाणी भरपूर येऊ लागले, तर आतले टाके सुटत असण्याची भीती असते. स्वच्छ कापड ठेवून त्याच घटकेला रुग्णालय गाठावे.

आता माझ्या मूळ तक्रारीकडे येतो. हे उपाय ठाऊक नाहीत असे रुग्णालय विरळा. ते रोज पाळले जातात की नाही, हे कळायचे कशावरून? चिघळलेल्या जखमा मोजल्यावरूनच. २०१८ साली ६६ देशांतल्या १२,५३९ पोटाच्या ऑपरेशनांचा हिशेब झाला तेव्हा मोजणी तीस दिवसांपर्यंत केली होती. श्रीमंत देशांत शंभरात नऊ, मध्यम देशांत चौदा, गरीब देशांत तेवीस जखमा बिघडल्या होत्या. कॅनडातल्या कॅल्गरी शहरात दहा वर्षे ६२,९३९ जखमांवर नजर ठेवून १९८० साली अहवाल निघाला. तिथे प्रत्येक सर्जनला त्याचा स्वतःचा आकडा कळवला जाई. आकडा समोर आला की हात धुण्याची आठवण वेगळी करून द्यावी लागत नाही, हा मनुष्यस्वभाव कॅनडात आहे तसा पालघर जिल्ह्यातही असणार.

आमच्याकडचा रुग्ण लोकलने दूर जातो आणि दूरूनच परत येतो, म्हणून ही मोजणी आपोआप होणार नाही. घरी सोडतानाच्या कार्डावर तिसाव्या दिवसाची एक ओळ छापावी: जखम कोरडी आहे का, पू आला का, टाके कोणी व का सोडले. पाड्यावरच्या आशा सेविकेला ती भरता येईल, मलाही भरता येईल. रुग्णालयाने त्या दिवशी फोन करून ती उतरवून घ्यावी. योजनेचे पैसे देणाऱ्यांनी हा आकडा मागावा, आणि नातेवाइकांनी ऑपरेशनपूर्वी सही करताना विचारावे, “साहेब, तुमच्याकडे शंभरात किती जणांना पू होतो?” उत्तर कोणतेही मिळो, प्रश्न विचारला गेल्याची नोंद डोक्यात राहते.

एवढे फोन करायला माणसे कुठून आणायची, असे एका रुग्णालयाच्या व्यवस्थापकाने मला विचारले. आठवड्याला पोटाची वीस ऑपरेशने होतात असे त्यांनीच सांगितले होते. एका फोनला तीन मिनिटे धरली, तर आठवड्याचा एक तास होतो.