लेकीची मेडिकलची जागा : जवळचं कॉलेज की लांबचं सरकारी?

नीटचा निकाल लागला की अनेक मुस्लिम घरांत एकच पेच उभा राहतो. मुलीला लांबच्या जिल्ह्यात सरकारी एमबीबीएसची जागा मिळते, शहरातलं खाजगी अभिमत विद्यापीठही घ्यायला तयार असतं आणि एजंट परदेशातली जागा दाखवत असतो. घरातले म्हणतात, “एवढ्या लांब एकटी पोर कशी राहणार?” निर्णय तिथंच झुकतो.

आधी हिशोब बघू. अनेक खाजगी अभिमत विद्यापीठांत वर्षाची फी 20 लाखांच्या वर आहे. हॉस्टेल-मेस धरून डिग्री पूर्ण होईपर्यंत खर्च कोटीच्या घरात जातो. सरकारी कॉलेजात तो याच्या एका छोट्या अंशात भागतो. व्याजाचं कर्ज नको म्हणून कितीतरी घरांत जमीन नाहीतर दागिने विकले जातात. मग धाकट्या भावंडांच्या शिक्षणाला काही उरत नाही.

दुसरी गोष्ट कागदांची. जुलै 2024च्या शासन निर्णयानुसार 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकातल्या मुलींना शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मात्र प्रवेश कॅप फेरीतून हवा. मॅनेजमेंट कोट्यातली जागा आणि खाजगी अभिमत विद्यापीठं यात बसत नाहीत. बागवान, तांबोळी, मोमीन, पिंजारी, अत्तार अशा अनेक बिरादऱ्या ओबीसीत आहेत. पण जात पडताळणी आणि नॉन-क्रिमीलेयर वेळेत नसेल, तर हक्काची जागा आणि माफी दोन्ही हातची जाते. हे कागद अकरावीतच तयार करायला घ्यावेत.

तिसरा मुद्दा परदेशाचा. 2021च्या नियमांप्रमाणे किमान 54 महिन्यांचा इंग्रजी माध्यमातला अभ्यासक्रम आणि त्याच संस्थेत वर्षभराची इंटर्नशिप लागते. इथं आल्यावर एफएमजीई पास व्हावी लागते, पुन्हा वर्षभर इंटर्नशिप असते. अलीकडच्या सत्रांत ही परीक्षा पास होणारे तीनात एकही भरत नाहीत. एजंट फी सांगतो, हा आकडा सांगत नाही. शिवाय लांब नको म्हणून सरकारी जागा सोडायची आणि पोरीला परदेशात पाठवायचं, यात मेळ कुठं बसतो?

सरकारी जागेत अडचणी नाहीत असं नाही. गडचिरोली, हिंगोली, वाशिम, बुलढाणा इथली कॉलेजं 2024मध्ये सुरू झाली. नव्या ठिकाणी प्राध्यापक, हॉस्टेल, लॅब यांची घडी बसायला वेळ लागतो. शिवाय डिग्रीनंतर एक वर्षाची बंधपत्रित सेवा आहे, ती टाळली तर 10 लाखांचा दंड. पण ती सेवा पगारी असते. जिल्हा रुग्णालयातल्या गर्दीत हात तयार होतो. पुढे पीजीसाठी नीट-पीजीचे गुण चालतात, तिथं कॉलेजचं नाव कोणी विचारत नाही.

म्हणून “लांब” या शब्दाची नीट चौकशी करा. मुलींचं हॉस्टेल कॅम्पसमध्ये आहे का, वॉर्डन कोण, रात्रीच्या ड्युटीनंतर ने-आण कशी होते, हे तिथं जाऊन बघा. सीनियर मुलींशी बोला. आणि फेऱ्यांचे नियम वाचा. एमसीसीच्या पहिल्या फेरीतली जागा नुकसान न होता सोडता येते, पुढच्या फेऱ्यांत अनामत जाते. अभिमतसाठी ती 2 लाख आहे.

एवढं करूनही जागा सोडायची असेल तर खुशाल सोडा, पण आधी लेकीला विचारा. रात्र-रात्र जागून मार्क तिने मिळवलेत आणि पुढची पाच-सहा वर्षं तिथं काढायची आहेत ती तिलाच.